हातातली कपबशी वाजली म्हणून सोयरीक मोडायची का?

पांझराकाठ:
मंडळी, घरचा विषय आहे, पण इथे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारतो.

गेल्या रविवारी माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. आम्ही धुळ्याचे, मुलगा शिरपूरकडचा. कृषी पदवीधर, घरी कपाशी आणि मका, स्वतःचं ठिबक साहित्याचं दुकान. चहा आला आणि त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. थोडीथोडकी नाही, बैठकीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि पुढची वीस मिनिटं नजर सतरंजीवर. बहिणीने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तरही त्याने सतरंजीलाच दिलं.

पाहुणे गेल्यावर आमचे आबा (मोठे काका, चाळीस वर्षं कपाशीची खरेदी केलेली) म्हणाले, "पोऱ्या डोया वर करस नही, त्याना हात कापतस. हाई सोयरीक निभाव नही." आबांचा शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. व्यापारात त्यांनी माणसं ओळखली आहेत, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. बहीण "तुम्ही ठरवा" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

माझा प्रश्न असा: शरीराच्या अशा खुणांवरून पुढचं नातं कसं होईल हे खरंच कळतं का? आठ दिवसांत निरोप द्यायचा आहे.

केळीवाला_रावेर:
कळतं भाऊ. बागेत येणारा व्यापारी तोंडाने काय बोलतो याकडे मी बघतच नाही. "माल बारीक आहे, बोर्डाच्या भावाला परवडत नाही" हे तो बांधावर उभा राहूनच म्हणतो. मी त्याचे पाय बघतो. नको असलेला माल बघणारा माणूस बांधावरून वळतो. ज्याला माल हवा असतो तो बोलता बोलता दोन-तीन ओळी आत शिरतो आणि घडाला हात लावतो. हात लागला की सौदा होतो, शंभरातल्या नव्वद वेळा.

पण उलटंही झालंय. तीन वर्षांपूर्वी मेमध्ये मृगबाग कापणीला आलेली आणि रोज दुपारी वारा सुटायचा. वादळात बाग आडवी होते हे तुम्हाला माहीतच आहे. मी भाव धरून बोलत होतो, पण डोळे सारखे आभाळाकडे जात होते. व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि भाव पाडला. मी दिला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही वर का बघत होते?" मला तोवर कळलंही नव्हतं की मी वर बघत होतो.

काय_भो:
आमच्या घरी बाबा फक्त पायातल्या चपला बघायचे. नीट जोडून काढल्या तर मुलगा पसंत. माझ्या नवऱ्याने नीट काढल्या होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यानंतर एकदाही नाही.

बोरीकाठची_प्राध्यापिका:
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

धागाकर्त्यांचा प्रश्न संशोधनात फार जुना आहे. नलिनी अंबाडी या भारतीय वंशाच्या संशोधिकेने १९९३ मध्ये हार्वर्डला एक काम प्रसिद्ध केलं. शिक्षकांचे तीस सेकंदांपेक्षाही छोटे, आवाज बंद केलेले चित्रीकरणाचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. ते गुण त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी सत्र संपताना दिलेल्या गुणांशी चांगलेच जुळले. म्हणजे अर्ध्या मिनिटात, एक शब्द न ऐकता, बरंच काही पोचतं.

रावेरच्या भाऊंच्या अनुभवाजवळ जाणारं कामही आहे. २००७ मध्ये एमआयटीच्या करहान आणि पेंटलंड यांनी पगाराच्या लुटुपुटीच्या वाटाघाटी घडवून आणल्या आणि फक्त पहिल्या पाच मिनिटांतली बोलण्याची लय मोजली: कोण किती बोलतं, आवाज किती चढउतार करतो, समोरच्याच्या सुरात सूर मिळतो का. शेवटी कोणाच्या पदरात किती पडलं, यातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग एवढ्यावरून सांगता आला. तीस टक्के ही मोठी गोष्ट आहे, पण उरलेले सत्तर टक्के त्या पाच मिनिटांबाहेर होते.

आता लग्नाकडे. गॉटमन आणि लेव्हनसन या अमेरिकन संशोधकांनी १९८०च्या दशकात नवरा-बायकोला समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि हृदयाची गती, नाडी, घाम मोजला. ज्यांची शरीरं बोलणं सुरू व्हायच्या आधीपासूनच चढलेली होती, त्यांचं संसारातलं समाधान पुढच्या तीन वर्षांत जास्त घटलेलं आढळलं. पुढे याच कामावरून "घटस्फोट ९० टक्के अचूक सांगता येतो" असं पसरलं. त्यावर टीकाही झाली, कारण निकाल हाती आल्यावर त्याच जोडप्यांवर बसवलेलं ते सूत्र होतं. नव्या जोडप्यांवर ते तितकं चालेलच असं नाही.

आणि मुख्य मुद्दा. ही जोडपी आधीच संसारात होती. पहिल्या भेटीत थरथरणाऱ्या हातावरून संसार सांगता येतो, असं यातून निघत नाही.

निवृत्त_हवालदार:
तीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यात नोकरी केली. सुरुवातीला माझाही असाच विश्वास होता की जो थरथरतो, घाम पुसतो, नजर चुकवतो तो गुन्हेगार.

एकदा अक्राणीच्या भागातून चौकशीला एक तरुण आणला होता. पावरा समाजाचा, मराठी जेमतेम. घामाने अंगरखा भिजलेला, मान वर करेना, प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर. आम्ही चार जणांनी ठरवून टाकलं की हाच. दोन दिवसांनी खरा माणूस दुसऱ्या तालुक्यात सापडला. हा पोरगा फक्त घाबरलेला होता. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्याच्या घरी उद्धटपणा मानत असत आणि मराठी वाक्य मनात जुळवायला त्याला वेळ लागत होता. ते दोन दिवस त्याला कोणी परत देणार नव्हतं. मी त्याची माफी मागितली, पण मला अजून बरं वाटत नाही.

नंतर वाचनात आलं की २००६ मध्ये दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून पाहिले, तर माणसं खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाली. नाणं फेकलं तरी पन्नास येतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही असा निकाल दिला. यंत्राला घाम कळतो, तो का आला ते कळत नाही.

पांझराकाठ, मुलाला त्या एका गोष्टीवरून टाकू नका.

केळीवाला_रावेर:
हवालदार साहेब, तुमचं पटलं. पण सौद्यात मी खोटं ओळखत नाही. त्याला माल हवा आहे की नको, एवढंच बघतो.

निवृत्त_हवालदार:
बरोबर, तो फरक आहे. आणि तुम्ही एकाच व्यापाऱ्याला दर हंगामात बघता. मी त्या पोराला पहिल्यांदाच पाहत होतो.

सारंगखेड्याचा_पाहुणा:
आमच्या घरात तीन पिढ्या घोड्यांचा नाद. दत्तजयंतीला तापीकाठच्या यात्रेत घोडा घ्यायला येणारे लोक घोड्याचे कान, नाकपुड्या, पाय बघतात. आजोबा म्हणायचे, घोडा तुमच्याआधी तुम्हाला बघून घेतो. भ्यालेल्या माणसाखाली शांत घोडाही नाचतो, मग गिऱ्हाईक म्हणतं घोडा द्वाड आहे.

यावरून बर्लिनच्या हान्सची गोष्ट सांगतो. १९०४च्या सुमारास त्या घोड्याची युरोपभर चर्चा होती. गणित घातलं की खुराने तितके ठोके द्यायचा. मालक फॉन ओस्टेन काही फसवत नव्हता, त्याचा खरंच विश्वास होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने कोडं उलगडलं. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. ठोके बरोबर आकड्यावर आले की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर व्हायचं, आणि घोडा तिथे थांबायचा. मजा म्हणजे हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची हालचाल पुरती थांबवता येईना.

म्हणून माझा प्रश्न: त्या दिवशी बैठकीत आबा कसे बसले होते? पाच मोठी माणसं भुवया उंचावून कपाकडे बघत असतील, तर माझाही कप वाजेल.

गिरणेची_लेक:
हा धागा वाचून राहवलं नाही.

मला अकरा वेळा दाखवलं. अकरा. पाचव्या वेळी माझी अक्कलदाढ इतकी ठणकत होती की तोंड उघडवत नव्हतं. निरोप आला, "मुलगी हसत नाही, स्वभाव कुढा वाटतो." सातव्या वेळी आईने बजावलं होतं म्हणून हसत राहिले, तर निरोप आला, "जरा जास्तच मोकळी आहे." आठव्या वेळी मुलाच्या आत्याने मला चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. पाय जड पडतो म्हणाल्या.

आमचं शरीर तिथे बोलत नसतं हो, आम्ही ते आवरून धरलेलं असतं. ट्रे धरलेल्या मुलीचा हात थरथरला तर "लाजते आहे" म्हणतात, मुलाचा थरथरला तर "दम नाही". खूण एकच, अर्थ दोन. मग तो अर्थ हातात कुठे आहे? तो बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच लिहिलेला असतो.

आणि पांझराकाठ, तुमची बहीण "तुम्ही ठरवा" म्हणून भांडी घासायला गेली, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी पाच वेळा भांडी घासायला गेले होते. त्यातल्या तीन वेळा मला मुलगा आवडला होता.

काय_भो:
गिरणेची_लेक, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

सात्री_फाटा:
एसटीत वाहक आहे. सुट्ट्यांवरून कोण भांडणार हे मला तो दारातून चढतानाच कळतं. खांदे वर, जबडा आवळलेला, पिशवी छातीशी. अशा माणसाला मी पहिले "बसा दादा, जागा आहे" म्हणतो आणि तिकीट नंतर फाडतो. दहातले आठ भांडत नाहीत. आता सांगा, माझं भाकीत चुकलं की बरोबर आलं?

बोरीकाठची_प्राध्यापिका:
सात्री_फाटा, तुमचा प्रश्न वर्गात घेऊन जाणार आहे. खूण वाचून तुम्ही वेगळं वागलात, म्हणून शेवट बदलला.

आबांच्या बाबतीत याच्या उलट होतं. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या तोदोरोव्ह यांनी अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फोटो लोकांना दाखवून "कोण जास्त सक्षम दिसतो" एवढंच विचारलं. ज्याला सक्षम म्हटलं तो सुमारे ७० टक्के लढतींमध्ये निवडून आलेला होता. यावरून चेहरा पाहून सक्षमता कळते असं काही जण समजतात. त्या कामातून दिसतं ते एवढंच, की चेहरा मतदाराला हलवतो. बघणाराच निकाल ठरवणार असेल तर त्याचं भाकीत खरं ठरणारच. आबांनी नाही म्हटलं की सोयरीक मोडणार, आणि पाच वर्षांनी सगळे म्हणणार, आबांनी तेव्हाच ओळखलं होतं. तो मुलगा कसा निघाला असता, हे पाहायची संधीच उरत नाही.

बामणोदचं_वांगं:
अवांतर: बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, ते यासाठीच ना? भाव बाकीच्यांना कळू नये म्हणून. पण आमचे नाना सांगायचे की रुमालाखाली बोट दाबल्यावर समोरच्याच्या बोटाचा ताण कळतो, दोन बोटं देऊन तो तिसऱ्याला तयार आहे की नाही ते तिथेच समजतं. चेहऱ्यावर काही नाही, सगळं बोटात. मोबाइलवर सौदे व्हायला लागले आणि ही विद्या गेली.

केळीवाला_रावेर:
नाव वाचून भूक लागली. थंडी पडली की भरीताचा कट्टा कोणाच्या मळ्यात करायचा तेवढं ठरवा.

बामणोदचं_वांगं:
माझ्या मळ्यात. काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत कुटलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी. प्राध्यापक बाईंनी यंत्र आणावं, पहिल्या घासाला कोणाच्या काळजाचे ठोके किती वाढतात ते मोजू.

वहीगायनवाला:
बडगीवरून विषयावर येतो. डफावर थाप पडली की पहिल्या दहा मिनिटांत मला कळतं आज रात्र रंगणार की नाही. टाळ्यांवर जाऊ नका, टाळ्या भिडेखातर पडतात. मी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे बघतो. गुडघा ठेक्यावर हलला की माणूस आत आला.

आपल्याकडे हे जुनंच ज्ञान आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. वेपथु म्हणजे कंप. पण हे आठ भाव कुठल्या एका रसाला बांधलेले नाहीत. कंप भीतीनेही येतो, रागानेही येतो आणि हर्षानेही येतो. नटाला कंप दाखवता आला तरी तो कशाचा, हे बाकीच्या प्रसंगावरून ठरतं.

धुळ्याचा_डॉक्टर:
वेपथुवरून आठवलं, इतका वेळ कोणी वैद्यकीय बाजू मांडलीच नाही.

हात थरथरण्याची कारणं मनाबाहेरचीही असतात. इसेन्शियल ट्रेमर नावाचा कंप पुष्कळांना असतो. हात मांडीवर असताना फारसा जाणवत नाही, कप, चमचा किंवा पेन धरलं की दिसतो. तो अनेकदा घराण्यात चालत येतो, आणि चार लोक बघत असले की वाढतो. थायरॉइड जास्त काम करत असेल, दम्याचा पंप घेतला असेल, पोट रिकामं असेल, तरी हात कापतात. मी इथून निदान करत नाही आणि कोणी करूही नये. पण "हात कापतो म्हणजे मन कच्चं" हे चूक आहे.

आमच्या पेशावरही असा एक अभ्यास आहे. अंबाडींनीच २००२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले, शब्द कळणार नाहीत असा आवाज गाळला आणि फक्त सूर ऐकवला. ज्यांचा सूर हुकमी आणि काळजीशून्य वाटला, त्यांच्यात पूर्वी हलगर्जीचे दावे झालेले डॉक्टर जास्त होते. ते वाचल्यापासून मी ओपीडीत आधी खुर्चीत बसतो, मग बोलतो. उभ्याने बोललं की माझाही सूर चढतो.

पांझराकाठ:
सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. सारंगखेड्याच्या भाऊंना उत्तर: आबा मधल्या खुर्चीत होते, काठीवर दोन्ही हात, आणि हो, कपाकडेच बघत होते. मीही बघत होतो.

बोरीकाठची_प्राध्यापिका:
मग एक शेवटचं काम सांगते. २०२२ मध्ये लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी एकमेकांना कधीही न भेटलेल्या तरुण-तरुणींची काही मिनिटांची भेट घडवली. डोळ्यांची हालचाल टिपणारे चष्मे, हृदयाची गती आणि त्वचेवरचा घाम मोजणारी यंत्रं, सगळं लावलं होतं. हसणं, बघणं, मान हलवणं यांवरून आकर्षण सांगता आलं नाही. सांगता आलं ते दोघांच्या हृदयाची गती आणि घाम एकत्र चढत-उतरत होते का, यावरून. म्हणजे जे बैठकीतल्या कोणालाही दिसत नाही, ते. ते त्या दोघांनाच काय ते जाणवलं असेल, म्हणून विचारायचं तर तिलाच विचारा. आणि बैठकीत नको.

पांझराकाठ:
काल रात्री गच्चीवर बहिणीशी बोललो. "तुम्ही ठरवा म्हणालीस, पण तुला काय वाटलं?" ती आधी गप्पच. मग म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे त्याच्या कपाकडे बघत होतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याच्या वडिलांचीही बशी वाजत होती. त्यांनी ती लगेच टेबलावर ठेवली, म्हणून तुम्हाला दिसली नाही."

आणि तिने विचारलेला प्रश्न असा होता की, लग्नानंतर माझी शाळेतली नोकरी चालेल का. तो सतरंजीकडे बघत म्हणाला होता, "शिरपूरला शाळा आहेत, पण तुम्हाला हीच ठेवायची असेल तर मी धुळ्यात दुकान बघू शकतो." हे वाक्य आमच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं.

आज सकाळी आबांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "मना बापना बी हात कापे." शिरपूरला फोन त्यांनीच लावला. येत्या रविवारी पुन्हा भेट आहे, या वेळी मळ्यात. ही दोघं विहिरीपर्यंत फिरून येतील आणि आम्ही मोठे आंब्याखाली बसणार, विहिरीकडे पाठ करून. आईने ठरवलंय की चहा कपबशीत द्यायचा नाही, स्टीलच्या पेल्यात द्यायचा, आणि तोही अर्धाच भरून.

गिरणेची_लेक:
रविवारी रात्री इथे लिहा. आम्ही जागे असू.